गिटारचा नेक जॉइंट: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

सॉलिडबॉडी इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायला गेलात की कारागीर पहिल्या दोन-चार प्रश्नांतच विचारतो, "नेक कसा हवा? बोल्ट-ऑन, सेट की नेक-थ्रू?" गिऱ्हाईक बहुतेक वेळा म्हणतं, "जो चांगला असेल तो." सर्वांत महाग पडणारं उत्तर हेच. तिन्ही सांधे चांगले आहेत आणि तिन्हींवर नामांकित गिटारी उभ्या आहेत. त्यांच्यात फरक पडतो तो मजुरीत, चुकीला मिळणाऱ्या माफीत आणि पुढच्या दुरुस्तीत. हा फरक रुपयांत कसा मोजायचा, ते पुढे मांडलं आहे.

घाईत असाल तर निष्कर्ष आधीच घ्या:

- पहिलीच गिटार असेल, स्वतः बनवणार असाल किंवा बजेट आवळलेलं असेल: बोल्ट-ऑन.
- लेस पॉल धाटणीची गिटार हवी असेल आणि कारागिराने आधी केलेले सेट नेक तुम्ही पाहिले असतील: सेट नेक.
- वरच्या फ्रेटवर हात पूर्ण मोकळा हवा असेल, दुरुस्तीची जोखीम पत्करायची तयारी असेल आणि कारागीर मुरलेला असेल: नेक-थ्रू.

तीन सांधे

बोल्ट-ऑन नावाला बोल्टचा आहे. बहुतेक गिटारींत प्रत्यक्षात लाकडाचे चार स्क्रू असतात. बॉडीत सुमारे १६ मिमी खोल खाच कोरतात, तिला नेक पॉकेट म्हणतात. नेकची टाच, म्हणजे हील, त्यात बसते आणि मागून धातूच्या पट्टीतून स्क्रू पिळले जातात. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून बाजारात आणलेल्या गिटारीत हीच रचना होती. नेक वेगळा, बॉडी वेगळी, दोन्ही स्वतंत्र बनवायचे आणि शेवटी जोडायचे. नेक बिघडला तर तो काढून दुसरा लावता येतो. कारखान्यासाठी ही सोय होती, गिऱ्हाईकासाठी ती आजही बचत आहे.

सेट नेकमध्ये नेकच्या टोकाला जीभ ठेवतात, तिला टेनन म्हणतात. ती बॉडीतल्या खाचेत गोंदाने कायमची बसवतात. गिब्सनची लेस पॉल १९५२ पासून अशीच बनते.

नेक-थ्रूमध्ये सांधा असा नसतोच. नेकचं लाकूड हेडस्टॉकपासून बॉडीच्या शेपटीपर्यंत सलग जातं आणि बॉडीच्या दोन बाजू पंखांसारख्या त्याला चिकटवतात. पॉल बिग्स्बी यांनी १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी बनवलेली गिटार अशी होती. रिकनबॅकरचा १९५७चा ४००० बास आणि गिब्सनची १९६३ची फायरबर्ड यांचीही हीच रचना.

आवाजासाठी जास्त पैसे द्यावेत का?

"नेक-थ्रूचा सूर जास्त वेळ टिकतो" हे वाक्य विक्रीच्या बोलण्यात हमखास येतं. अमेरिकेतले कारागीर आर. एम. मोटोला यांनी हे तपासून पाहिलं आणि निष्कर्ष 'अमेरिकन लुथरी' या नियतकालिकात २००७ मध्ये मांडले. मोजणीत नेक-थ्रू सरस ठरला नाही आणि ऐकणाऱ्यांनाही सांध्यांमधला फरक ओळखता आला नाही. पिकअप, तारा, ब्रिज आणि सेटअप यांचा आवाजावर होणारा परिणाम कुणालाही ऐकू येतो. म्हणून आवाजाच्या नावाखाली सांध्याचे जादा पैसे देऊ नका. हाताला लागणाऱ्या आकारासाठी किंवा दिसण्यासाठी देत असाल तर खुशाल द्या.

लाकडाचा हिशोब

आपल्याकडे लाकूड घनफुटावर मिळतं, मग तुम्ही मुंबईत रे रोडला जा किंवा पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. गिटारचं माप इंचांत घेऊन गुणाकार करा आणि १,७२८ ने भागा, घनफूट मिळतात.

बॉडीचा ठोकळा २० × १४ × १.७५ इंच म्हणजे ०.२८ घनफूट. बोल्ट-ऑनसाठी सपाट हेडस्टॉकचा नेक २८ × ३.५ × १ इंचात निघतो, म्हणजे ०.०६ घनफूट. सेट नेकचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. तो एकाच तुकड्यातून काढायचा तर पावणेतीन इंच जाडी लागते आणि ०.१६ घनफूट होतात. नेक-थ्रूचा मधला दांडा ४० × ३.५ × १.७५ इंच, म्हणजे ०.१४ घनफूट, आणि दोन पंख मिळून ०.२२ घनफूट.

हिशोबासाठी चांगल्या, सुकलेल्या सागवानाचा किंवा महोगनीचा दर ४,००० रुपये घनफूट धरू. तुमच्या वखारीतला दर वेगळा असेल, तो घालून पुन्हा गुणाकार करा.

- बोल्ट-ऑन: ०.३४ घनफूट, सुमारे १,३६० रुपये.
- सेट नेक: ०.४४ घनफूट, सुमारे १,७६० रुपये.
- नेक-थ्रू: ०.३६ घनफूट, सुमारे १,४४० रुपये.

यात कापण्यात वाया जाणारं लाकूड नाही; त्यासाठी एक तृतीयांश वर धरा. फ्रेटबोर्डही धरलेला नाही, कारण तो तिन्हींत सारखाच लागतो. नेक-थ्रूला लाकूड फार जास्त लागतं हा समज इथे टिकत नाही. मात्र ४० इंच लांब, गाठ नसलेला, सरळ रेषांचा तुकडा सहज मिळत नाही. मधल्या दांड्याला दुप्पट दर धरला तर एकूण २,००० रुपये होतात. तरीही बोल्ट-ऑन आणि नेक-थ्रू यांच्या लाकडातला फरक ६४० रुपयांचाच राहतो. "लाकूड जास्त लागतं हो" असं सांगून कुणी दहा हजार वाढवत असेल, तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

मजुरीचा हिशोब

बिल वाढतं ते मजुरीत. कारागिराचा तास ४०० रुपये धरू.

बोल्ट-ऑनला टेम्प्लेट लावून राऊटरने पॉकेट कोरणं, नेक बसवून पाहणं आणि भोकं पाडणं यासाठी ५ तास धरा: २,००० रुपये. पट्टी आणि स्क्रूंसाठी आणखी ४००.

सेट नेकला आधी कोन काढावा लागतो. त्या कोनाची चौकट बनवायची, टेनन आणि खाच दोन्ही घट्ट जुळवायचे, कोरडं बसवून तारांची रेघ पाहायची आणि मगच गोंद लावायचा. १२ तास धरा: ४,८०० रुपये.

नेक-थ्रूला कोन आणि मध्यरेषा सुरुवातीलाच ठरवावी लागते. एक मीटरचा तो दांडा प्रत्येक कामात अख्खा हाताळावा लागतो. फ्रेट घालताना, घासताना, पॉलिश मारताना नेक सुटा करता येत नाही. जादा वेळ धरून १५ तास: ६,००० रुपये.

वरचं लाकूड, मजुरी आणि चिकटवायच्या दोन प्रकारांत गोंदाचे शंभर रुपये धरून सांध्यानुसार बदलणारा खर्च असा येतो:

- बोल्ट-ऑन: ३,७६० रुपये.
- सेट नेक: ६,६६० रुपये.
- नेक-थ्रू: ८,१०० रुपये (मधला दांडा दुप्पट दराने धरून).

हे तास आणि दर धरलेले आहेत. तुमच्या कारागिराकडून त्याचे तास विचारून घ्या. दोन टोकांतल्या ४,३४० रुपयांपैकी ४,००० मजुरीचे आहेत, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिकअप, ट्रस रॉड, ट्यूनर, पॉलिश यांचा खर्च सांध्यावर अवलंबून नाही. कोटेशनमध्ये सांध्याच्या नावाखाली त्यांचीही वाढ दिसली तर प्रत्येक ओळ वेगळी मागा.

आधी ब्रिज, मग करवत

सांध्यातली सर्वांत महाग चूक कोनाची असते आणि कोन ब्रिजच्या उंचीवरून ठरतो. फेंडर धाटणीचा ब्रिज बॉडीला लागून बसतो, म्हणून नेक बॉडीला समांतर चालतो. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज उंच असतो, म्हणून लेस पॉलचा नेक ४ ते ५ अंश मागे झुकवतात.

हे गणित कारखान्यालाही एकदा चुकलं होतं. १९५२च्या पहिल्या लेस पॉलमध्ये नेकचा कोन कमी पडला, त्यामुळे तारा ब्रिजच्या दांड्यावरून नेण्याऐवजी खालून न्याव्या लागल्या. १९५३ मध्ये ब्रिज बदलला आणि कोनही वाढवला.

सेट नेकमध्ये कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी ब्रिजपाशी दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. ब्रिज तेवढा खाली किंवा वर जाऊ शकला नाही तर गिटार वाजवण्याजोगी राहत नाही, आणि गोंद सुकल्यावर ही चूक हजारोंची होते.

बोल्ट-ऑनमध्ये तीच चूक दहा मिनिटांत सुटते. पॉकेटच्या आतल्या टोकाला शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायची. पॉकेट ७५ मिमी लांब आणि पॉकेटच्या कडेपासून ब्रिज सुमारे २५७ मिमी दूर असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची पट्टी ब्रिजपाशी तारांची उंची जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरने बदलते. कार्डाचा तुकडा कोंबण्यापेक्षा पॉकेटच्या पूर्ण लांबीची, एकीकडे निमुळती लाकडी पट्टी घाला, म्हणजे खाली पोकळी राहत नाही.

म्हणून ब्रिज विकत घेऊन हातात आल्याशिवाय पॉकेट किंवा टेनन कापू देऊ नका. "नंतर बघू कुठला बसतो" असं म्हणणाऱ्या कारागिराला आगाऊ रक्कम देऊ नका.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी

पॉकेट कोरायला ट्रिमर किंवा राऊटर, बेअरिंगवाला बिट आणि एमडीएफचा टेम्प्लेट लागतो. साधा ट्रिमर दोन-तीन हजारांपासून मिळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर अवजारं समोरासमोर ताडून घेता येतात. एकच गिटार करायची असेल तर अवजार घेण्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडून तेवढं काम करून घेणं स्वस्त पडतं. टेम्प्लेट मात्र तुम्ही द्या आणि आधी रद्दी फळीवर एक पॉकेट कोरून बघायला सांगा.

पॉकेटची रुंदी नेक हातात आल्यावरच ठरवा. फेंडरच्या मापाची हील सुमारे ५६ मिमी रुंद असते, पण स्वस्त तयार नेक मापाला पक्के नसतात. बाजूला ०.३ मिमी ढिलाई राहिली तर नेक तिरका बसून ब्रिजपाशी रेघ एक मिलिमीटर सरकते आणि पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरते. स्क्रू न लावता नेक धरून उचलला तर बॉडी लोंबकळत राहावी, इतका घट्टपणा पुरे. त्याहून घट्ट ठोकून बसवलात तर पॉकेटच्या कोपऱ्यांवरचं पॉलिश तडकेल. पॉलिशच्या थरालाही जाडी असते, तिची जागा आधीच सोडा.

भोकांचे दोन नियम पाळा. बॉडीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं: स्क्रू ४.२ मिमीचा तर भोक ४.५ मिमीचं. नेकमधलं लहान हवं, कडक मेपलमध्ये साधारण ३.२ मिमी. स्क्रूचे आटे बॉडीत रुतले तर नेक आणि पॉकेट यांच्यात फट राहते आणि कितीही पिळलं तरी ती मिटत नाही. आट्यांना साबण किंवा मेण लावलं की स्क्रू तुटत नाही. नेहमीच्या जाडीच्या बॉडीत ४५ मिमीचा स्क्रू नेकमध्ये साधारण १५ मिमी जातो. भोक पाडताना ड्रिलच्या बिटवर टेपने खूण करा, नाहीतर बिट फ्रेटबोर्डमधून वर येईल.

नेक वारंवार काढायचा असेल तर लाकडाच्या स्क्रूऐवजी पितळी इन्सर्ट आणि मशीन स्क्रू वापरा. खर्च काही शे रुपयांनी वाढतो, पण आटे झिजत नाहीत. परदेशी न्यायची गिटार असेल तर ही सोय पैसे वसूल करते: नेक सुटा करून कपड्यांत गुंडाळला की मोठ्या सुटकेसमध्ये मावतो.

गोंद आणि हवा

१० ते ४६ गेजच्या तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ४६ किलोंचा ताण पडतो, आणि तो रात्रंदिवस राहतो. साधा पांढरा गोंद अशा सततच्या ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, हळूहळू सरकू शकतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या सेट नेकसाठी ही नुसती पुस्तकी शंका नाही. म्हणून गिटार कारागीर ॲलिफॅटिक प्रकारचा पिवळा गोंद किंवा पारंपरिक सरस पसंत करतात. एका सांध्याला गोंद शंभर रुपयांचाही लागत नाही. इथे वाचवण्यासारखं काही नाही. क्लॅम्प काढल्यावरही २४ तास सांध्यावर ताण येऊ देऊ नका.

लाकूड सुकलेलं हवं. ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. मीटर हजारेक रुपयांत मिळतो, आणि कारागिराकडे तो नसेल तर लाकूड किती दिवस घरात ठेवलं होतं ते विचारा. कोकणात पावसाळ्यात घेतलेलं लाकूड लगेच कापून घट्ट सांधा केला, तर हिवाळ्यात तो आकसून ढिला होतो.

पाच वर्षांनंतरचा खर्च

बोल्ट-ऑनमध्ये स्क्रूचं भोक झिजलं तर त्यात कडक लाकडाची काडी गोंदाने बसवून नवं भोक पाडतात. अर्ध्या दिवसाचं काम. नेक वाकला किंवा तुटला तर नवा नेक लावायचा, बॉडी तीच राहते.

सेट नेक उघडायचा तर वाफ देऊन गोंद मऊ करावा लागतो. टेनन साफ करून कोन पुन्हा साधायचा, पॉलिश खराब झालं तर तेही पुन्हा करायचं. हे काम करणारे हात कमी आहेत आणि मजुरी सहज मूळ सांध्याच्या बरोबरीची होते.

नेक-थ्रूचा नेक पिरगळला तर बदलता येत नाही. फ्रेट काढून फ्रेटबोर्ड रंध्याने सरळ करतात, पण ते मर्यादेत. हेडस्टॉकपाशी तुटलेला नेक सेट आणि थ्रू दोन्हींत चिकटवता येतो. बोल्ट-ऑनमध्ये चिकटवायचा की नवा घ्यायचा हे ठरवायची मोकळीक राहते.

एक गैरसमजही काढून टाकावा. १९७० च्या दशकात फेंडरने काही गिटारींना चारऐवजी तीन स्क्रू लावले आणि नेक हलतात अशा तक्रारी झाल्या. दोष नुसत्या स्क्रूंच्या संख्येला देणं सोपं आहे. सैल कोरलेल्या पॉकेटला चार स्क्रूही आवळू शकत नाहीत. कोटेशनमध्ये "सहा बोल्ट" वाचून हुरळून जाऊ नका, पॉकेट बघा.

कारागिराला विचारायचे प्रश्न

१. या प्रकारचा सांधा याआधी केलेली गिटार दाखवता का? शक्यतो दोन-तीन वर्षं वाजलेली.
२. ब्रिज कोणता आणि त्यासाठी कोन किती धरला आहे?
३. सांध्याची मजुरी वेगळी लिहून द्याल का, आणि रक्कम करासह आहे का?
४. गोंद कोणता? क्लॅम्प किती वेळ ठेवणार?
५. वर्षभरात सांधा हलला किंवा कोन बदलला तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?
६. पॉलिश मारण्याआधी, कोरडी बसवलेली गिटार मला बघायला मिळेल का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर पैसेही टप्प्याटप्प्याने द्या: लाकूड आणि सामानाची रक्कम आधी, निम्मी मजुरी कोरड्या जुळणीनंतर, उरलेली ताब्यात घेताना.

ताब्यात घेताना

पहिल्या आणि सहाव्या तारेचं फ्रेटबोर्डच्या कडेपासूनचं अंतर शेवटच्या फ्रेटपाशी पाहा. दोन्हीकडे जवळजवळ सारखं हवं. सांध्याच्या फटीत साधा कागद सरकवून बघा; बाजूंनी तो आत जाता कामा नये. ब्रिजचे स्क्रू पाहा: तारांची उंची मनासारखी असताना ब्रिज वर आणि खाली दोन्हीकडे थोडा सरकायला हवा. तो अगदी तळाला टेकलेला किंवा पूर्ण वर उचललेला असेल तर कोन चुकला आहे. शेवटी नेक हलकेच बाजूला दाबून सोडा आणि सूर तपासा. बोल्ट-ऑनमध्ये सूर किंवा तारांची रेघ सरकली तर पॉकेट सैल आहे.

यातलं काही खटकलं तर बोल्ट-ऑन त्याच दिवशी सुधारून मागा. सेट किंवा नेक-थ्रूमध्ये "वाजवता वाजवता बसेल" हे उत्तर मान्य करू नका, कारण गोंद लागलेला कोन वाजवून सुधारत नाही. शेवटचा हप्ता याच तपासणीसाठी हातात राखलेला असतो; ती पूर्ण होईपर्यंत तो देऊ नका.